स्टिरिओ सुधारायचा आहे, पण पैसे नेमके कशावर घालावेत?

वाचकांचे प्रश्न : घरातील ध्वनियंत्रणा

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे नाशिकमधील आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यात विचारलेला प्रश्न थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो असून इंदिरानगर येथे फ्लॅटमध्ये राहतो. आमचा हॉल १६ फूट लांब व ११ फूट रुंद असून फरशी व्हिट्रिफाइड टाइल्सची आहे. वीस वर्षांपूर्वी घेतलेला ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याच वेळचे दोन लहान बुकशेल्फ स्पीकर आणि एक सीडी प्लेअर एवढी सामग्री आहे. स्पीकर शोकेसवर दोन कोपऱ्यांत ठेवले आहेत आणि सोफा समोरच्या, म्हणजे हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीला टेकलेला आहे. मी मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत ऐकतो. डग्गा फार घुमतो, गायकाचे शब्द नीट कळत नाहीत आणि आवाज थोडा वाढवला की ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. यासाठी एक लाख रुपये बाजूला काढले आहेत. मुलगा म्हणतो डॅक (डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) घ्या, दुकानदार म्हणतात अ‍ॅम्प्लिफायर बदला आणि एक मित्र म्हणतात की आधी वायरी बदला. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तिघांचेही तूर्त ऐकू नये. आपण हॉलची मापे आणि सोफ्याची जागा कळवली हे फार चांगले केले. बहुतेक पत्रांत यंत्रांची नावे तेवढी असतात आणि ती यंत्रे कुठे ठेवली आहेत याचा पत्ता नसतो. आपल्या तक्रारींचे मूळ मात्र त्या जागेतच अधिक आहे.

ध्वनी सीडीवरून निघून आपल्या कानापर्यंत येतो तो चार टप्पे ओलांडून : प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली. माणसाला ऐकू येणारा पट्टा साधारण २० ते २०,००० हर्ट्झचा मानतात. या संपूर्ण पट्ट्यात बऱ्यापैकी सीडी प्लेअर किंवा डॅक मूळ ध्वनीपासून डेसिबलच्या काही दशांशांपलीकडे ढळत नाही, आणि सुस्थितीतील अ‍ॅम्प्लिफायरचेही तसेच असते. चांगले म्हणून विकले जाणारे स्पीकर मात्र तीन डेसिबल वर-खाली होतात, आणि तो आकडा निर्मात्यानेच माहितीपत्रकात अभिमानाने छापलेला असतो. खोलीचा हिशेब तर याहून मोठा आहे. खर्जाच्या भागात ती दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार सहज घडवते. ध्वनीच्या विकृतीचे पाहिले तरी हाच क्रम दिसतो : अ‍ॅम्प्लिफायरची विकृती सामान्यतः ०.१ टक्क्याच्या आत असते, तर लहान स्पीकर खर्जात जोराने वाजू लागला की ती एक टक्का सहज ओलांडते. जिथे दोष सर्वांत मोठा आहे तिथे पहिला रुपया जावा, एवढे एकच सूत्र धरले तर आपला क्रम आपोआप ठरतो : आधी खोली आणि मांडणी, मग स्पीकर, आणि त्यानंतर काही शिल्लक राहिलेच तर इतर गोष्टी.

आता आपल्या हॉलकडे वळू. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीच्या काही ठराविक लहरी अडकून फुगतात, आणि त्या कोणत्या हे खोलीच्या मापांवरून काढता येते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. आपल्या १६ फुटी लांबीसाठी अशी पहिली लहर सुमारे ३५ हर्ट्झची आणि दुसरी सुमारे ७० हर्ट्झची येते. ११ फुटी रुंदीसाठी पहिली लहर ५१ हर्ट्झच्या आसपास पडते. हे आकडे संगीताशी जोडून पाहावेत. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर, लावलेली असते. आपल्या हॉलची दुसरी लहर नेमकी तिच्याच अंगावर पडते. तबलजी मनगटाने डग्ग्याचा स्वर खालून वर ओढतो तेव्हा तो याच पट्ट्यातून सरकत जातो आणि ७० हर्ट्झच्या जवळ आला की एकाएकी फुगतो. कान देऊन ऐकल्यास आपल्याला हे कळेल : सगळा डग्गा सारखा घुमत नाही, त्याच्या ओढीतील एक ठिकाण घुमते.

या फुगलेल्या लहरी भिंतीलगत सर्वांत जोरदार असतात आणि आपला सोफा भिंतीलाच टेकलेला आहे. ७० हर्ट्झची लहर खोलीच्या लांबीच्या एक-चतुर्थांशावर, म्हणजे भिंतीपासून चार फुटांवर, जवळजवळ नाहीशी होते. हॉलमध्ये सोफा चार फूट पुढे आणणे घरच्यांना मान्य होईलच असे नाही, पण अडीच फूट पुढे घेतला तरी भिंतीशी असलेला तिचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. निदान ऐकण्याच्या वेळेपुरती एक खुर्ची पुढे मांडून पाहावी. याला एक रुपयाही लागत नाही, आणि एवढ्याने जो फरक पडेल तो कोणत्याही नव्या अ‍ॅम्प्लिफायरने पडणार नाही.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. स्पीकर भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो, आणि कोपऱ्यात दोन भिंती मिळून तो आणखी वाढवतात. त्यात आपले स्पीकर शोकेसवर असल्यामुळे शोकेसच्या फळ्याही त्यांच्याबरोबर थरथरत असणार. ते खाली उतरवून स्टँडवर ठेवावेत. स्टँड एवढ्या उंचीचे असावेत की सोफ्यावर बसल्यावर ट्वीटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या पातळीत येईल. बहुतेक घरांत ही उंची दोन ते सव्वादोन फूट भरते. मागील भिंतीपासून दीड-दोन फूट, बाजूच्या भिंतीपासून किमान दोन फूट आणि दोन स्पीकरमध्ये साधारण सहा-सात फूट अंतर ठेवून तोंडे थोडी ऐकणाऱ्याकडे वळवावीत. परदेशी बनावटीचे स्टँड घेण्याची मुळीच गरज नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे काम करणारा कोणीही कारागीर चौकोनी लोखंडी पाइप, वर एक पट्टी आणि खाली जाड प्लेट जोडून असे स्टँड बनवून देईल. पाइपमध्ये चाळून कडक उन्हात वाळवलेली वाळू भरावी, म्हणजे तो घणघणत नाही. वाळू ओलसर राहिली तर पावसाळ्यात आतून गंज धरतो, तेव्हा हे काम उन्हाळ्यात उरकलेले बरे.

‘स’ आणि ‘श’ टोचण्याचे कारण बरेचसे गुळगुळीत फरशीत, उघड्या भिंतींत आणि बहुधा काचेच्या टीपॉयमध्ये आहे. हॉलच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून पत्र्यासारखा झणझणाट ऐकू आला तर उंच स्वर भिंतीभिंतींमध्ये आपटत आहेत असे समजावे. स्पीकर आणि सोफा यांच्यामधील फरशीवर जाड गालिचा, खिडकीला चुण्या पडतील एवढा रुंद व जड पडदा आणि एका बाजूच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट एवढ्याने हा झणझणाट पुष्कळ खाली येतो आणि शब्दही मोकळे होतात. याने खर्ज मात्र कमी होणार नाही, कारण गालिचा आणि पडदा उंच स्वर शोषतात आणि ७० हर्ट्झच्या लहरीला त्यांचे अस्तित्व जाणवतही नाही. भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. त्याने खोली कुरूप होते, याहून अधिक काही होत नाही.

मांडणी बरोबर झाली की नाही हे तपासण्यासाठी आपल्या संग्रहातच उत्तम साधन असेल. नाशिकमध्येच जन्मलेले पं. द. वि. पलुस्कर १९५५ साली गेले, आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात येऊ लागल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. त्यामुळे त्यांचे ध्वनिमुद्रित गायन मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच ध्वनी येतो. ते लावून दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध समोर बसावे. मांडणी नेमकी असेल तर गायक दोन्ही स्पीकर सोडून त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एका ठिकाणी उभा असल्यासारखा वाटतो. तो एका बाजूला सरकलेला वाटला तर अंतरे पुन्हा टेपने मोजावीत. त्याला ठिकाणच नसेल, आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटत असेल आणि खर्ज हरवला असेल, तर एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. वर्षानुवर्षे उलट्या वायरींवर ऐकत असलेली घरे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काही जणांनी मधल्या काळात अ‍ॅम्प्लिफायरही बदललेला असतो.

एवढे झाल्यावर किमान महिनाभर काहीही विकत घेऊ नये. त्यानंतर जी उणीव उरेल ती स्पीकरची असेल, आणि तेव्हा निःशंकपणे पैशाचा मोठा वाटा त्यांवर घालावा. एक लाखापैकी साठ ते पासष्ट हजार स्पीकरवर, बारा-पंधरा हजार स्टँड, गालिचा व पडद्यांवर आणि चार-पाच हजार जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीवर अशी वाटणी मी सुचवीन. उरलेली रक्कम राखून ठेवावी. आपल्या आवडीचे संगीत पाहता साडेसहा इंची वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा शंकू, असलेले बुकशेल्फ स्पीकर पुरेसे आहेत. उंच टॉवर स्पीकर याच खोलीत आणखी खर्ज ओततील आणि ज्या घुमण्यापासून आपण सुटू पाहत आहात तेच वाढेल. जुनी ध्वनिमुद्रणे अधिक ऐकत असाल तर उंच स्वरांची झळाळी दाखवणारा स्पीकरही टाळावा, कारण त्या ध्वनिमुद्रणांत वरच्या टोकाला गाणे कमी आणि खरखर जास्त असते. मधला पट्टा, म्हणजे गळ्याचा आणि हार्मोनियमचा पट्टा, सरळ आणि सहज वाजवणारा स्पीकर शोधावा. कोलकात्याच्या सोनोडाइनसारखी देशी नावे आहेत आणि परदेशीही अनेक आहेत. नावावरून निर्णय करू नये.

स्पीकर ऐकून पाहण्यासाठी आपल्याला कदाचित मुंबई-पुण्याला जावे लागेल. जाताना आपल्याला पाठ असलेली दोन-तीन ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत आणि दुकानाने लावलेल्या झगमगीत नमुन्यांवर मत बनवू नये. दोन जोड्यांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला सांगावे; एखादा डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर मोठा न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो, आणि विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते. फोनवरील ध्वनिमापक अ‍ॅप दोन आवाजांतील फरक पाहण्यापुरते पुरेसे असते. शक्य असेल तर घरी लावून पाहण्याची आणि न पटल्यास परत करण्याची मुभा मागून घ्यावी. सवलतीपेक्षा ती मुभा अधिक मोलाची आहे.

आता तिघांच्या सल्ल्यांविषयी. स्पीकर किती मोठ्याने वाजतो हे त्याच्या संवेदनक्षमतेवर अवलंबून असते. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचा साधा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो, आणि घरात आपण बहुतेक वेळ एका वॅटच्याही खाली ऐकत असतो. ५० वॅट आपल्या हॉलला पुरून उरतात. शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर कमाल आवाज फक्त तीन डेसिबलने वाढेल. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. दुकानदारांचा सल्ला म्हणूनच बाजूला ठेवता येतो. मात्र वीस वर्षांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उतरलेले असू शकतात, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल आणि एक बाजू मध्येच बसत असेल. जाणकार मेकॅनिककडून कपॅसिटर तपासून घ्यावेत, बटण व रिले साफ करून घ्यावेत. नव्या यंत्राची गरज बहुधा तिथेच संपेल. नवे स्पीकर चार ओहमचे निघाले तर मात्र जुना अ‍ॅम्प्लिफायर तो भार पेलतो का हे त्याच्या मागील पट्टीवर वाचून घ्यावे.

डॅकविषयी मुलाचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप १९८२ साली बाजारात आले तेव्हापासूनच सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये सुमारे ९६ डेसिबलचा आवाका देते, आणि पंखा चालू असलेल्या हॉलमध्ये त्याचा बराच भाग वापरलाही जात नाही. फोनवरून गाणी लावायची असतील तर ब्लूटूथऐवजी फोनला लावायचा दोन-तीन हजारांतील छोटा डॅक पुरतो. चाळीस हजारांच्या डॅकने आपला डग्गा घुमायचा थांबणार नाही. वायरींविषयी पुढील उत्तर पाहावे.

प्रश्न : मी अंबड येथील एका कारखान्यात अभियंता असून पाथर्डी फाट्याजवळ राहतो. नुकतीच साठ हजारांची स्टिरिओ यंत्रणा घेतली. विक्रेत्याचे म्हणणे आहे की यंत्रणेच्या किमतीच्या निदान एक-चतुर्थांश खर्च स्पीकरच्या वायरींवर आणि शुद्ध विजेच्या उपकरणावर केला नाही, तर ‘आवाज उघडत नाही’. अभियंता असूनही मला हे नाकारायला धीर होत नाही.
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : धीर आकडेमोडीतून येतो, आणि ती आपल्याला माझ्याहून चांगली जमेल. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीने पाच मीटरवरचा स्पीकर जोडला तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे लागते आणि त्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम येतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही. मेन रोडवरील कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात आयएसआय छापाची अशी वायर मीटरवर मिळते, आणि त्यापुढे जे पैसे जातात ते वेष्टनासाठी जातात. टोके नीट सोलून घट्ट पिळावीत, एकही तार शेजारच्या टोकाला चिकटू देऊ नये आणि लाल-काळ्याचा मेळ दोन्हीकडे सारखा ठेवावा. ‘आवाज उघडणे’ म्हणजे नेमके काय मोजले असता वाढते, हे विक्रेत्याला एकदा शांतपणे विचारून पाहावे.

विजेच्या बाबतीत एवढेच सांगता येईल की स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झची सततची गुणगुण येत नसेल तर शुद्धीकरणाची आवश्यकता नाही. ती येत असेल तर आधी घरातील अर्थिंग चांगल्या वायरमनकडून तपासून घ्यावे आणि यंत्रणेची सगळी उपकरणे एकाच बोर्डावरून जोडावीत. केबल टीव्हीची वायर काढताच गुणगुण थांबली तर दोष तिकडून येत आहे असे समजावे. सर्ज प्रोटेक्टर असलेला चांगला बोर्ड मात्र जरूर घ्यावा. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे वळवाचा पाऊस कडाडत येतो तेव्हा तर प्लगच काढून ठेवलेला बरा, कारण जवळ पडलेल्या विजेपुढे कोणतेही उपकरण टिकत नाही.

प्रश्न : आम्ही पंचवटीतील जुन्या वाड्यात, वरच्या माडीवर राहतो. वडिलांच्या मागे त्यांच्या शंभरेक लाँग प्ले आणि बऱ्याच ७८ आरपीएमच्या तबकड्या, १९८० च्या दशकातील एक टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठे लाकडी स्पीकर एवढे राहिले आहे. स्पीकरच्या कडांचा फोम बोट लावताच भुकटी होऊन गळतो, आणि माडीवर कोणी चालले की सुई उडते. एका परिचितांनी सगळे भंगारात देऊन नवे घेण्याचा सल्ला दिला. आमच्याकडे वीस हजार रुपये आहेत.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : भंगारात काहीही देऊ नये. फोमच्या कडा आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत विरतात, पण स्पीकरचा शंकू, चुंबक आणि पेटी बहुधा शाबूत असतात. रिकोनचे, म्हणजे स्पीकरचे शंकू व कडा बदलण्याचे, काम करणारे कारागीर नव्या कडा चिकटवून देतात. रबराच्या कडा मिळाल्यास त्या अधिक टिकाऊ. पेटीचा आकार आणि वूफरचे माप पाहता, नव्याने घ्यायला गेल्यास तेवढ्या पैशांत तसा स्पीकर मिळणे कठीण आहे.

पैशाचा पहिला वाटा सुईवर जावा. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तासांत झिजते, आणि झिजलेली सुई आवाज बिघडवतेच, शिवाय तबकडीची खाच कायमची खरवडते. तबकडी परत मिळत नाही. कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग, सिरॅमिक आहे की चुंबकी हे आधी पाहून घ्यावे. सिरॅमिक असेल आणि टोनआर्मवर, म्हणजे तो भाग धरणाऱ्या दांड्यावर, बदलण्याची सोय असेल, तर दोन ग्रॅमच्या आसपास वजनावर चालणारे चुंबकी कार्ट्रिज बसवावे. चुंबकी कार्ट्रिजचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो आणि तबकडीवर खर्ज मुद्दाम कमी व उंच स्वर मुद्दाम वाढवून कोरलेले असतात. ते पूर्ववत करणारा, १९५४ साली ठरलेला आरआयएए या अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगसंघटनेचा वक्र ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटमागे असतो. आपल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ते सॉकेट बहुधा असेल. नसेल तर वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो.

७८ च्या तबकड्या लाँग प्लेच्या सुईने वाजवू नयेत. त्यांची खाच कितीतरी रुंद असते आणि तिला सुमारे चौपट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळत राहते आणि गाण्याऐवजी कचरा वाजवते. त्या लाखेच्या असतात, म्हणून स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेल्या कोणत्याही द्रवाने पुसू नयेत, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसाव्यात आणि मधले कागदी लेबल कोरडे राखावे.

सुई उडण्याचा दोष यंत्राचा नसून माडीच्या तक्तपोशीचा आहे. पाऊल पडले की सरे लवतात आणि टेबलासकट टर्नटेबल हलते. त्यावर हजारो रुपयांचे रबरी पाय विकले जातात, पण वाड्याची भिंत दोन फूट जाड असताना त्यांची काय गरज? टर्नटेबल जमिनीवरील टेबलावरून उचलून भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावरील जाड फळीवर ठेवावे. सपाटी तपासण्याचे गवंड्याचे साधन (स्पिरिट लेव्हल) ठेवून फळी सपाट करून घ्यावी. ब्रॅकेट रस्त्याच्या बाजूच्या भिंतीऐवजी आतील भिंतीत असावे. आपल्या लाकडी तक्तपोशीच्या खोलीत खर्ज फ्लॅटपेक्षा कमी अडकतो, त्यामुळे पहिल्या पत्रातील हॉलची दुखणी आपल्याला फारशी भोगावी लागणार नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तो तिथे वापरलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि स्पीकर आम्हाला पाठवणार आहे. येथे ते चालतील का, आणि पाठवण्याचा खर्च करावा का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. मुलाला अ‍ॅम्प्लिफायरच्या मागील पट्टीवर विजेचे माप वाचायला सांगावे. तिथे फक्त १२० लिहिले असेल तर येथे थेट प्लग लावताच तो जळेल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो अ‍ॅम्प्लिफायरच्या कमाल वापराच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्यावा लागतो. त्याची किंमत, वजन, कुरियर, सीमाशुल्क आणि येथे न मिळणारी हमी हे सगळे धरले तर येथेच नवा अ‍ॅम्प्लिफायर घेणे बहुधा स्वस्त पडेल.

टर्नटेबल आधी पारखून घ्यावे. त्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरणारी असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ती येथे सहा भागांपैकी पाचच भाग वेगाने फिरेल. ३३⅓ ची तबकडी २८ फेऱ्यांच्याही खाली येईल आणि काळी एकमध्ये गाणारा गायक काळी पाचपर्यंत उतरेल. अ‍ॅडॉप्टरवर चालणारे नवे टर्नटेबल असेल तर ही अडचण येत नाही, येथील अ‍ॅडॉप्टर लावला की काम होते.

स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला नसेल तर त्यांना विजेच्या दाबाशी काही देणेघेणे नसते. ते खरोखरच चांगले असतील आणि मुलाने मूळ खोके व थर्माकोल जपून ठेवले असेल, तर तिघांपैकी फक्त ते मागवावेत. निघण्यापूर्वी वूफरच्या कडा फोमच्या आहेत की रबराच्या, याचा जवळून काढलेला फोटो तेवढा त्याच्याकडून मागून घ्यावा.